फुटाण्याचा हिवाळा

भरतीची जाहिरात निघाली की आमच्या कॉलनीमागच्या मैदानाला जाग येते. एरवी तिथं गाजरगवत, फुटक्या बाटल्या आणि कुठल्याशा सभेनंतर कुणी न नेलेले बांबू. पण थंडी पडते, जाहिरात निघते आणि उजाडायच्या आत नाशिक रोडच्या गल्लीगल्लीतून पोरंपोरी धावत येतात. तोंडातून वाफा, पायात भावाचे जुने बूट. कुदळीनं खड्डा उकरतात, वाळू आणून ओततात, चुन्याची रेघ मारतात. मग दिवसभर धूळ, आणि त्या धुळीला घामाचा नि अमृतांजनचा वास.

यंदाही परवा रेघ पडली. मी अभ्यासिकेचं कुलूप काढत होते. मागं ओल्या वाळूत धप्प आवाज झाला आणि मी सवयीनं वळले. कोण उतरलं ते बघायला नाही, किती पायांवर उतरलं ते बघायला.

दोनच पाय होते. बरं वाटलं नाही.

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहितेय, त्या हिवाळ्यात या खड्ड्यावरून एक घोडाही उडायचा. माझ्या कमरेएवढा. शिंगरू नव्हे, पूर्ण वाढलेला नर, जातच तेवढी. तो मी विकत घेतला नव्हता आणि कुणी प्रेमानं भेटही दिला नव्हता. मी वाद जिंकले म्हणून तो मिळाला होता.

आमचं मंडळ छोटं. चार टाळकी, एक प्रिंटर, आणि विहाराशेजारची ही अभ्यासिका. पत्रकं लिहायची, वाटायची, कॉलेजांत जाऊन बोलायचं. मी पत्रकांतच वाढले. बाबा प्रेसमधली पाळी संपवून आले की जेवताना मोठ्यानं पत्रक वाचायचे आणि आई भाकरी थापता थापता चुका काढायची. माझ्या शाळेतल्या निबंधांनाही शेवटी मागण्या असायच्या.

तर पिंपळगाव बसवंतला आमचं व्याख्यान होतं. विषय शकुन-अपशकुन. बाहेर द्राक्षांच्या हंगामाची तयारी चाललेली, क्रेटांचे डोंगर, टेम्पोंची रांग. आत मी रंगात आले होते. मांजराला रस्ता ओलांडायचा हक्क आहे की नाही, असं काहीतरी विचारत होते. भाषण संपलं आणि शेवटच्या ओळीतून एक शेठ उठले. पॅकहाऊसचे मालक, पांढरा शर्ट, आवाज खणखणीत.

"भाषण चांगलं झालं. आता एक काम करा. माझ्याकडं एक घोडा आहे, आसूढाळ."

आसूढाळ म्हणजे डोळ्याखाली केसांचा भोवरा असलेला घोडा. मालकाला रडवतो म्हणतात. शेठनी नातवंडांना खेळायला आणला होता. आणल्यापासून त्यांचा माल परत आला, भावाशी वाटणीवरून फाटलं, बायको मोरीत घसरली. मग कुणीतरी पाहुणा आला आणि त्यानं घोड्याच्या डोळ्याखाली बोट ठेवलं. झालं. माल बुरशीनं परत आला असेल, भाऊ हावरा असेल, मोरीत शेवाळ असेल. छे. घोडाच.

"तुमचा विश्वास नाही ना?" शेठ म्हणाले. "मग न्या घरी. वर्षभरानं भेटू. हसताय का रडताय, बघू."

सभागृह हसलं. विशाल खालून माझी ओढणी ओढत होता. विशाल आमच्या मंडळाची छपाई बघतो, आणि डोकं माझ्यापेक्षा थंड ठेवतो. "ताई, हो म्हणू नको. पाया पडतो. कुठं ठेवणार आपण?"

"पाठवून द्या," मी माइकवर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो आला. रिकाम्या क्रेटांच्या मधे तो उभा होता. भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग, पोट गोल, आयाळ डोळ्यांवर आलेली. उजव्या डोळ्याखाली खरंच भोवरा होता, पाण्यात खडा टाकला की पहिलं वर्तुळ उठतं तेवढा. ड्रायव्हर फळी लावायला खाली उतरला. फळी लागायच्या आत घोड्यानं मागच्या फाळक्यावरून उडी मारली, रस्त्यावर उतरला, आणि मान वळवून आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. कोणी बघितलं आणि कोणी नाही, याची नोंद घ्यावी तसं.

शेठनी भोवऱ्याचं सांगितलं होतं. उडीचं नव्हतं सांगितलं.

आई दारात पदराला हात पुसत उभी होती. "कुत्रा आणला असतास तर समजलं असतं गं," ती म्हणाली. आणि मग जरा वेळानं, "खातो काय हा?"

अजून वास येतो मला त्या दिवसांचा. ओला हरभरा, लसूणघास, आणि अभ्यासिकेच्या अंगणात घोड्याच्या अंगाची ऊब. लिदीचा वास मी समजत होते तेवढा वाईट नसतो. आईनं ती गुलाबांना घातली आणि शेजारणींना सांगत सुटली. आत खिडकीशी पोरं तलाठ्याच्या परीक्षेची गणितं सोडवत, बाहेर तो कडबा चावत असे. एकजण म्हणाला, त्या चावण्याच्या आवाजात अभ्यास बरा होतो, कुणीतरी सोबत जागं असल्यासारखं वाटतं.

नाव सोनलनं ठेवलं. सोनल लष्कराच्या भरतीसाठी लांब उडीचा सराव करायची, आणि तिची उडी रेघेच्या अलीकडेच पडायची. पहिल्याच सकाळी ती पळत आली, उडाली, वाळूत बसली आणि तिच्या डोक्यावरून नव्हे पण अगदी शेजारून हा गेला. अंगणाची भिंत ओलांडून, मैदान ओलांडून, पोरांच्या रांगेत नंबर न लावता. मुलांसाठी जो नऊ फुटी खड्डा उकरला होता तो त्यानं पार केला, थांबला, मान वळवली.

"आयला," सोनल वाळूतूनच म्हणाली, "तापल्या वाळूतला फुटाणाच हाय हा."

त्या दिवसापासून फुटाणा.

आता थोडं माझ्या पत्रकांबद्दल. प्राण्यांच्या खेळांविरुद्ध आमचं एक पत्रक आहे. त्यात मी लिहिलं होतं की कोणताही प्राणी स्वतःहून कसरत करत नाही, चाबूक किंवा भूक त्याला करायला लावते. वरातीत नाचवले जाणारे घोडे मी बघितलेत, कानाशी ढोल, तोंडात काटेरी लगाम. त्या वाक्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही. पण फुटाण्याला कुणी चाबूक दाखवला नव्हता आणि त्याचं पोट तर कायम भरलेलं. तो भिंतीपासून मागं सरकायचा, कान पुढं करायचा, नाकातून फुर्र करायचा, आणि यायचा. पलीकडं घास नव्हता, घोडी नव्हती, काही नव्हतं. पलीकडं फक्त पलीकडची बाजू होती.

आमच्या पत्रकांत याला परिच्छेदच नव्हता. अन्याय कसा लिहायचा ते मला येतं. कोणी कोणाला काय करायला लावतं, ते मी झोपेतही लिहीन. पण एखाद्याला एखादी गोष्ट नुसती आवडते, कुणाच्या सांगण्यावरून नाही, कशाच्या बदल्यात नाही, हे कसं लिहितात? सोनल एकदा दम खात म्हणाली होती, "ताई, ह्याला भरती नाय, मेडिकल नाय, मेरिट नाय. तरी रोज येतो." ती हसत होती, पण मला त्या हसण्याचा राग आला. तिचा नव्हे. ज्यांनी उडीसारख्या गोष्टीला जागांची संख्या लावली, त्यांचा. उडी मारताना या पोरीला कधी मजा वाटली असेल का? विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लहानपणी वाटायची." लहानपण म्हणजे किती लांबची गोष्ट, तिच्या वयाला.

आम्ही भिंत वाढवली. दुसरं काय करणार? मांडीएवढी होती, तिच्यावर विटा रचल्या. तो गेला. विटांवर बांबू बांधला. तो गेला. बांबूवर पत्रा ठोकला, माझ्या पोटाच्या वर आला तो पत्रा. फुटाणा दुपारभर त्याच्याकडे बघत राहिला, एखाद्यानं आवडीचं पुस्तक आणून द्यावं तसा. आणि चहाच्या वेळेला गेला.

सगळ्यांकडे एकच औषध होतं, खच्ची करणं. कापून टाका, शांत होईल. कॉलनीतले काका, दूधवाला, वर्षात एकदा पंढरपूरच्या बसमधून घोडा बघितलेले लोकसुद्धा. मी डॉक्टरांना बोलावलं. जनावरांचे डॉक्टर, कमी बोलणारे. त्यांनी फुटाण्याचे दात बघितले, पाय बघितले, खाली वाकून तेही बघितलं.

"कापला तर चावरेपणा कमी होईल. घोड्यांच्यात राहायचा असेल तर कापावाच," ते म्हणाले. "पण उडी नाही थांबणार. उडी तिथून येत नाही."

मग ती सकाळ आली. मी अभ्यासिकेत झाडत होते आणि सोनल ओरडत आली, "ताई, पुणे रोड." आम्ही पळालो. फुटाणा पुणे रोडच्या दुभाजकावर उभा होता. दोन्हीकडून गाड्या, एक ट्रक करकचून थांबलेला, ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन आमच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. फुटाण्याचे कान पुढं होते. त्याला दुभाजक आवडला होता. मी त्याच्या गळ्यात हात टाकला आणि त्याला रस्त्याच्या कडेला आणलं.

त्या दिवशी कळलं की हा इथं राहिला तर मरणार. आणि मरताना कदाचित कुणाला तरी सोबत नेणार. उन्हाळ्याच्या आत त्याला घर शोधायचं, जिथं रस्ता लांब असेल आणि उडी मारलेली चालेल. बस, एवढंच.

यानंतर आम्ही जे केलं ते आमच्यासारखेच लोक करू शकतात. आम्ही पत्रक काढलं.

साधी जाहिरात दिली असती, 'गुणी छोटा घोडा चांगल्या घरी देणे आहे', वर फोटो, खाली नंबर, तर काम झालं असतं. मी दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक लिहिलं. मथळा: 'आसूढाळ: एका निरपराध घोड्यावरील खोटा आरोप'. भोवरा म्हणजे काय, केस कसे उगवतात, शेठसारखे शिकलेले लोक आपल्या चुका मुक्या प्राण्यावर कशा ढकलतात, सगळं. घोडा द्यायचा आहे हे मागच्या पानावर, तळाला. पिंपळगावच्या बाजारात वाटलं, ओझरच्या बसथांब्यावर वाटलं, फोनवरून शेकडो जणांना गेलं.

ज्यांनी जन्मात घोड्याच्या डोळ्याखाली बघितलं नव्हतं, त्यांना आम्ही कुठं बघायचं ते शिकवलं.

फोन खूप आले. गंगापूर रोडवरून एक इंजिनियर बोलले, बंगल्याला मोठी बाग. "आमचा नाही हो विश्वास. पण मिसेस म्हणतात, विषाची परीक्षा कशाला." मी त्यांना विचारलं, तुम्ही पूल बांधताना मिसेसना विचारता का? फोन कट. एका शाळेच्या संस्थाचालकांना मुलांसाठी घोडा हवा होता, फक्त "तो भोवरा ऑपरेशननं काढता येईल का?" असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. धरणाकडच्या एका रिसॉर्टवाल्याला सगळंच चालणार होतं. "भोवऱ्यावर गोंडा सोडू. आणि उडी मारतो ना? मग पेटत्या रिंगणातून मारायला शिकवू, पब्लिक खूश." त्याला मी जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

विशाल त्या संध्याकाळी चिडला. तो सहसा चिडत नाही. "ताई, एक गोंडा लाव. तोंडावरच्या म्होरकीला लोकरीचा एक गोंडा, भोवरा झाकला जाईल. नवा फोटो काढू, नवा नंबर देऊ, विषय संपव. घोड्याला घर पाहिजे, तुझं पत्रक नकोय त्याला."

"आणि गोंडा सुटेल त्या दिवशी?"

"सुटेल तेव्हा बघू."

"त्या घरात त्या दिवशी कुणाचं तरी डोकं दुखत असेल, विशाल. कुणाची तरी गाडी पंक्चर झालेली असेल. आणि हा परत टेम्पोत चढेल. आपण नसू तेव्हा."

अंगणात फुटाणा पत्र्याला नाक घासत होता आणि पत्रा कुरकुरत होता. माझं बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. पण बरोबर असून घोडा अजून पुणे रोडपासून एका उडीवर होता.

हरभऱ्याला घाटे धरले होते तेव्हा मंदाकाकू आल्या. ओझरच्या पुढं आत त्यांचं गाव. स्कूटीवरून आल्या, डोक्याला मफलर, हातात आमचं पत्रक चार घड्या घातलेलं.

"हे लिवलं कोणी?"

"मी."

"लय लांब लिव्हता तुम्ही. निम्म्यात मी चहा करून आले." त्यांनी मफलर सोडला. "पण वाचलं सगळं. कुठाय आरोपी?"

फुटाण्याचा जबडा त्यांनी असा धरला जसा आई मुलाचं तोंड पुसायला धरते. भोवऱ्यावरून अंगठा फिरवला. "हा व्हय. एवढुसाच हाय."

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं. मला खात्री करून घ्यायची होती.

"माझ्या डोक्यात दोन भोवरे हायेत. बघायला आले तवा सासूनं अंबाडा सोडायला लावला होता. दोन भोवरे म्हणजे दोन नवरे करील म्हणे. एकाच नवऱ्याला फॅक्टरीचा डबा करून देता देता जन्म गेला, बाई. दुसऱ्याला टाइम कुठाय." आणि मग, फुटाण्याचा जबडा सोडत, "मला उडी बघायचीय ह्याची."

"काकू, तो सांगून मारत नाही."

"मी कुठं सांगा म्हणते. बसते मी."

आणि त्या बसल्या. भिंतीच्या बाहेर एक क्रेट पालथा घातला, पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा काढल्या आणि सोलायला लागल्या. मी आणि विशाल उभे. पाच मिनिटं झाली की मला काहीतरी बोलावंसं वाटायचं, म्हणजे समजावून सांगावंसं. काकू मात्र सोलत होत्या, मधेच एक दाणा तोंडात टाकत होत्या, आणि फुटाण्याकडे बघतही नव्हत्या. मैदानावरची पोरं घरी गेली. ऊन खड्ड्यातून वर सरकलं. पत्र्यामागून फक्त दोन कान दिसत होते. मग ते मागं गेले. मग फुर्र ऐकू आलं.

तो आला तेव्हा त्याचं पोट सोनेरी दिसलं. काकूंच्या पुढ्यातच उतरला, मान वळवली, आणि आधी त्यांच्याकडे बघितलं. काकूंनी टाळी वाजवली नाही, अरे वा म्हणाल्या नाहीत. एक शेंग पुढं केली.

"भिंत लय उंच केलीय तुम्ही," त्या म्हणाल्या.

"तो बाहेर जातो ना."

"मंग?"

"मग येतो परत. घास टाकायच्या वेळेला."

"जायचं तवा जातो, यायचं तवा येतो. मंग भिंत अडवती कोणाला?"

"रस्ता आहे, काकू. पुणे रोड."

"आमच्याकडं नाय रोड. मागं बाग काढलेलं रान हाय, त्याच्यामागं दिराचं वावर, त्याच्यामागं ओढा. आमचे हे विमानाच्या फॅक्टरीतनं रिटायर झाल्यापासून अंगणात बसून विमानं मोजत्यात. त्यांना जरा मान खाली घालून बघायला कायतरी होईल."

काकूंनी पाठवलेल्या टेम्पोत फुटाणा स्वतःच चढला, फळीशिवाय. मी फाळका लावला, खीळ घातली, आणि त्याच्या भोवऱ्यावर हात ठेवला. केस तिथं खरंच गोल फिरलेले असतात, बोटाला कळतं. टेम्पो वळला. विशाल माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या तोंडावर येऊ नये ते हसू येत होतं.

"ताई, लागू झाला म्हणायचा का?"

"धूळ आहे," मी म्हणाले. "आणि तू गप बस."

शेठना हे कळवायचं नाही, असं आमच्या मंडळात एकमतानं ठरलं.

आज तो हिवाळा मागं पडलाय. पुढच्या थंडीत काकूंनी दिराची घोडी आणायच्या आधी डॉक्टरांकडून फुटाण्याचं ते कापायचं काम करून घेतलं. चावरेपणा गेला. उडी तिथून येत नव्हती, ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं. सोनल त्या वर्षी रेघेच्या पलीकडं पडली, पण धावण्यात मागं राहिली. ती यंदा पुन्हा मैदानात आहे. परवा तिनं नवी पोरं आली म्हणून त्यांना आधी रेघ न मारता उड्या मारायला लावल्या. "मोजायचं नंतर," ती म्हणत होती. "आधी नुसत्या मारा." मी खिडकीतून ऐकलं आणि चावी हातात तशीच राहिली.

काल रविवारी मी काकूंकडं गेले. ओझर मागं पडलं की हवा बदलते. द्राक्षांच्या पानांचा आंबट वास, फवारणीचा कडू वास, कुठंतरी पाचोळा पेटवलेला. आम्ही त्या हिवाळ्यात भिंत चढवत राहिलो होतो. काकूंच्या यजमानांनी बांध उतरवलाय. दगड काढून काढून गुडघ्याएवढा केलाय, एका जागी तर पूर्ण मोकळा, बैलगाडी जाईल एवढी वाट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रागावले होते. हा तर नुसता चालत जाईल, मी म्हणाले होते. काकू म्हणाल्या होत्या, "जाऊ दे की. त्याला काय करायचं ते त्यालाच ठरवू दे."

काल मी पोचले तेव्हा फुटाणा बाहेर दिराच्या वावराच्या कडेला चरत होता. काका खुर्चीत, मान खाली. काकूंनी घमेल्यात घास ओतला आणि त्या आवाजानं त्याचे कान उठले. मी हाक मारली नाही. शिकलेय तेवढं. काकूंच्या शेजारी पालथ्या क्रेटवर बसले.

तो निघाला. वाट समोर होती, मोकळी, सपाट. तो वाटेपर्यंत आला, वाटेला वळसा घातला आणि बांधापाशी गेला. मागं सरकला. कान पुढं. फुर्र. गुडघ्याएवढ्या दगडांवरून त्यानं अशी उडी मारली की जणू तिथं अजून आमचा पत्रा होता, अंगणात उतरला, आणि घासाकडं वळायच्या आधी मान वळवून बघितलं.

मी बघत होते.